माझा आवडता रंधा

आमचे घर सुताराचे आहे. आमच्या पडवीत चार रंधे आहेत. दोन लाकडी, एक लोखंडी आणि एक विजेवर चालणारा. वार्षिक परीक्षा झाली की मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांच्या हाताखाली काम शिकणार आहे. बाबा म्हणाले, "चारांतला एक तुझा. कुठला, ते तूच ठरव. पण तोच का, ते सांगता आलं पाहिजे."

आणखी एक गोष्ट आहे. मागच्या महिन्यात जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस गावात आला होता. त्याला माझ्या आजोबांचा रंधा हवा होता. हॉटेलात शोभेला ठेवतात म्हणे! आजोबा आता नाहीत. बाबा त्याला म्हणाले, "कळवतो." आणि आम्हांला म्हणाले, "वापरणारं कुणी नसेल तर ठेवून काय करायचं? वाळवी खाईल." म्हणून मी घाई न करता चारही रंधे पाहिले, मोजले आणि मग ठरवले. ते सगळे इथे लिहीत आहे.

रंधा काय करतो?

करवतीने कापलेले लाकूड खडबडीत असते. त्यावरून हात फिरवला तर कूस भरते. रंधा मारला की लाकूड गुळगुळीत होते. पण हे रंध्याचे अर्धेच काम झाले. राहिलेले अर्धे काम म्हणजे लाकूड सपाट करणे. दाराच्या दोन फळ्या एकमेकींना लावल्या आणि मधून उजेड दिसला, तर त्या गुळगुळीत असूनही उपयोगाच्या नाहीत.

लाकडी रंध्याला भाग थोडेच असतात. एक ठोकळा, त्यात तिरपे बसवलेले पोलादी पाते आणि पाते घट्ट धरणारी पाचर. ठोकळ्याच्या खालच्या बाजूला तळ म्हणतात. तळाच्या ज्या फटीतून पाते बाहेर डोकावते ते रंध्याचे तोंड. पाते किती तिरपे आहे ते मी कंपासपेटीतल्या गुण्याने मोजले. बरोबर ४५ अंश भरले. पाते तळाच्या बाहेर अगदी थोडे, कागदाच्या जाडीएवढेच काढतात. रंधा पुढे ढकलला की लाकडाचे पातळ सालपट निघते आणि तोंडातून वर येते.

लाकडाला रेषा असतात. गाईच्या अंगावरून केसांच्या दिशेने हात फिरवला तर तिला बरे वाटते, उलटा फिरवला तर केस उभे राहतात. लाकडाचेही तसेच आहे. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड उपटते व खड्डे पडतात. बाबा नेहमी म्हणतात, "आधी रेषा बघ गं, मग रंधा उचल."

रंधा किती जुना?

रंधा फार जुने हत्यार आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे खोदकाम करताना त्या काळचे रंधे सापडले आहेत. जपानमधले सुतार रंधा ढकलत नाहीत, आपल्या अंगाकडे ओढतात. आज दुकानात मिळणारा लोखंडी रंधा अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली या कारागिराच्या कल्पनेवरून आला. त्याचा धंदा स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतला. या रंध्यात पाते खालीवर करायला मागे एक पितळी चाक असते.

आमचे चार रंधे

१) लांब रंधा. हा २२ इंच लांब आहे. वजन पावणेतीन किलो. (सगळी वजने मी किराणा दुकानातल्या काट्यावर केली.) रंधा लांब का करतात? भाताच्या खाचरात चिखल सपाट करायला बैलांमागे फळी ओढतात, ती आठवा. फळी लांब असली की उंचवटे खाली येतात. आखूड असती तर ती खड्ड्यात उतरली असती. लांब रंधाही आधी उंचवटेच कापतो, खड्ड्यात उतरत नाही. म्हणून दाराच्या फळ्या जोडताना हाच लागतो. पण मला तो एकटीला पेलत नाही.

२) लोखंडी रंधा. याला चार नंबर म्हणतात. लांबी ९ इंचांच्या थोडी वर, वजन पावणेदोन किलो. पात्यावर आणखी एक लोखंडी पट्टी घट्ट बसवलेली असते. पात्याच्या धारेपासून ती जेमतेम एक मिलिमीटर मागे असते. सालपट वर येताच या पट्टीवर आपटून मोडते, म्हणून लाकूड पुढे उपटत जात नाही. शेवटचा हात मारायला हा रंधा उत्तम. चाक फिरवले की पाते हवे तेवढे खालीवर होते, ठोकाठोक करावी लागत नाही. पण हा बिडाचा असतो. फरशीवर पडला तर तडकतो, आणि तडकलेले बीड घरी सांधता येत नाही. पावसाळ्यात तेलाचा हात दिला नाही तर गंजतो.

३) विजेचा रंधा. याच्या आत पाती बसवलेला रूळ असतो. तो मिनिटाला हजारो फेरे फिरतो. पाते ८२ मिलिमीटर रुंद असते. हाताने अर्धा दिवस लागेल ते काम हा तासाभरात करतो. चौकटीचे काम घाईचे असले की बाबा हाच घेतात. पण वीज गेली की तो गप्प बसतो. धूळ फार उडते. फिरते पाते बोट ओळखत नाही, म्हणून लहान मुलांनी त्याला हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

४) आजोबांचा रंधा. हा बाभळीचा आहे. आजोबांनी तो स्वतः घडवला. लांबी १४ इंच, वजन सव्वा किलो. म्हणजे चार नंबरपेक्षा दीडपट लांब, तरी वजनाने हलका. आजोबांनी गावाचे नांगर, कुळव आणि जू याच रंध्याने साफ केले. त्याबद्दल शेतकरी खळ्यावर धान्य देत, त्याला बलुतं म्हणत.

या रंध्यात एक दोष आहे. तळ झिजून वाकडा झाला की तो घासून पुन्हा सपाट करावा लागतो. रंध्याचे भोक वर रुंद व खाली अरुंद असते. त्यामुळे तळ जितका घासाल तितके तोंड मोठे होत जाते. याचे तोंड आता ३ मिलिमीटर आहे. ते जेमतेम १ मिलिमीटर हवे. तोंड मोठे असले की पात्यापुढचे लाकूड दाबून धरले जात नाही, आणि ते उपटते.

मी कोणता घेतला?

मी आजोबांचा रंधा घेतला. कारणे अशी :

पहिले, तो माझ्या हाताला पेलतो. दुसरे, शिकाऊ माणसाला आधी जाड काम देतात. त्यात जाड सालपट काढायचे असते, तिथे मोठे तोंड चालते. तिसरे, तो मधल्या लांबीचा आहे. फळी बरीचशी सपाटही करतो आणि छोटे कामही करतो. चौथे कारण मला सर्वांत मोठे वाटते. तो घरी दुरुस्त होतो. तोंडापुढे तळाला खाच करून शिसवीचा तुकडा बसवला की तोंड पुन्हा लहान होते. बाबा ते सुट्टीत माझ्याकडून करून घेणार आहेत. पाचर मोडली तर नवी करता येते. पावसाळ्यात लाकूड फुगून पाचर अडकते खरी, पण मागच्या बुडावर मोगरीने ठोका दिला की सैल होते. पाते खोल हवे असेल तर पात्याच्या डोक्यावर हलके ठोकायचे, मग पाचर पक्की करायची.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "कारणं पटली. आता पाते लावून दाखव." पाते लावायचे म्हणजे धार करायची. कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून पाते २५ ते ३० अंशांच्या उतारात घासायचे. पाठीमागे बारीक तार आली की उलटे करून, सपाट धरून ती काढायची. धार बोटाने बघायची नाही, कागद कापून बघायची. मला पाऊण तास लागला. मग मी लिंबाच्या फळीवर रंधा मारला. बाबा दुसरीकडे तोंड करून नुसते ऐकत होते. बोथट पाते खरखरते, धारेचे पाते सर्र वाजते. सर्र वाजले. बाबांनी त्या माणसाला नाही म्हणून कळवले.

पालकांना विनंती

तुमच्या घरी माळ्यावर जुना रंधा असेल तर तो भंगारात देण्याआधी एवढे पाहा. ठोकळा तडकला आहे का? त्यात किडीची भोके आहेत का? पाते खोलवर गंजले आहे का? हे काही नसेल तर रंधा चांगला आहे. वरचा गंज कुरुंदावर घासून जातो. ठोकळ्याला जवसाचे तेल चोळा, तो कोरडा पडणार नाही. रंधा ठेवताना नेहमी आडवा ठेवा, म्हणजे पात्याची धार खाली टेकून बोथट होणार नाही.

मित्रांनो, रंधा महाग असला म्हणून चांगला होत नाही. जो आपल्या हाताला पेलतो, ज्याची धार आपल्याला लावता येते आणि बिघडला तर आपल्याला दुरुस्त करता येतो, तो आपला रंधा. आमच्या पडवीत कधीही या. सालपटे हवी तेवढी न्या, चुलीला पेटवण छान होते.

— इयत्ता ७ वी