छर्रा महाग हवा की नेम पक्का? हौशी नेमबाजीचा हिशेब

०.५ मिलिमीटर. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका एवढाच असतो. त्यावर झाडायचा छर्रा मात्र ४.५ मिमी जाडीचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडायला हवा. पनवेलच्या नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले, तेव्हा त्यांचे चाळीसही नेम या २.५ मिमीच्या आत होते.

हौसेने नेमबाजी करणाऱ्याने एवढ्या अचूकतेसाठी किती पैसे मोजावेत? लक्ष्यावरचा फैलाव दोन कारणांनी होतो : एक हाताचा, दुसरा रायफल आणि छर्ऱ्याच्या जोडीचा. एकूण फैलाव काढताना दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे.

नवशिक्याच्या हाताचा फैलाव २० मिमी धरू. साध्या छर्ऱ्याचा ५ मिमी, तर एकूण २०.६. उत्तम छर्ऱ्याचा २ मिमी, तर एकूण २०.१. फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर! आता सरावलेल्याचा हात ४ मिमीवर आला असे समजा. साध्या छर्ऱ्याने ६.४, उत्तम छर्ऱ्याने ४.५. इथे फैलाव जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. महाग छर्ऱ्याचा फायदा हात स्थिर झाल्यावरच दिसतो.

पैशांचे गणितही मांडू. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ६० नेम, म्हणजे चार आठवड्यांत ७२० छर्रे. ५०० छर्ऱ्यांची एक डबी ३०० रुपयांना आणि दुसरी १,२०० रुपयांना मिळते असे धरले, तर एका नेमाचा खर्च ६० पैसे आणि २ रुपये ४० पैसे. महिन्याला ४३२ विरुद्ध १,७२८. हे भाव उदाहरणापुरते. आपल्या दुकानदाराचा भाव घालून हाच हिशेब करावा.

निवड डबीवरच्या नावावरून करू नये. गुलमंडीच्या बाजारात साडीचा पोत चिमटीत धरून पाहिल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. छर्राही आपल्याच नळीतून पारखून घ्यावा. एकाच कंपनीचे स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा डोक्याच्या मापांत मिळतात आणि कोणते माप कोणत्या नळीला मानवेल, हे झाडल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन प्रकारांची एकेक डबी घ्या. रायफल नीट टेकवून दहा मीटरवरून प्रत्येक प्रकाराचे पाच कागदांवर पाच-पाच नेम घ्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा, त्यातून ४.५ वजा करा आणि पाचही कागदांची सरासरी काढा. छर्रा बदलल्यावर पहिले काही नेम मोजू नका. कागदासाठी सपाट डोक्याचा छर्रा घ्या. तो स्वच्छ गोल छिद्र पाडतो, मोजणी सोपी होते.

कायद्याचे आकडेही लक्षात असू द्या. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साधारण ७.७ ज्यूल भरते. एअर रायफलला परवाना लागतो तो ऊर्जा २० ज्यूलच्या वर किंवा नळी ४.५ मिमीहून मोठी असेल तर. पॉइंट टू टू रायफल आणि तिच्या काडतुसांना मात्र परवाना हवाच.

दाट वस्तीत गच्चीवर नेम धरू नका. सराव रेंजवरच करा. बहुतेक छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

चाचणीत बरा ठरलेला स्वस्तातला छर्रा निवडा आणि वाचलेले पैसे सरावात घाला. टेकवून काढलेला फैलाव आणि हातावरचा फैलाव जवळ आले, की महाग डबी घेण्याची वेळ झाली.