वेळेवर मोडणारा रेणू

चेतासंस्थेच्या धड्यात आपण मुलांना सांगतो, की मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींचे विभाजन जवळजवळ होत नाही. मग वर्गातला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, "पेशी वाढतच नाहीत, तर मेंदूत गाठ होते कशी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की मेंदू केवळ चेतापेशींचा बनलेला नसतो. चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची निगा राखणाऱ्या, त्यांच्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशीही तिथे दाटीने असतात. त्यांना ग्लिया पेशी म्हणतात. त्यांची आणि त्यांच्या जनक पेशींची विभाजनाची क्षमता शाबूत असते. प्रौढांमध्ये मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या गाठी बहुतेक याच घराण्यातल्या. त्यातली सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत वाईट म्हणजे ग्लायोब्लास्टोमा.

"मग कापून का काढत नाहीत?" हा पुढचा प्रश्न. काढतात, पण ती पुरती निघत नाही. या गाठीला नीट कड नसते; तिच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1928 मध्ये काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धगोल जवळजवळ सगळाच काढल्याचे प्रसिद्ध केले. डावी बाजू आधीच लुळी पडलेले हे रुग्ण होते. इतकी मोठी शस्त्रक्रिया करूनही गाठ पुन्हा उगवलीच.

मग औषध द्यावे, तर तिथे दुसरी अडचण. पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला रंगाची आवडच नसावी, असे एर्लिक यांना वाटले. त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी 1913 मध्ये रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे! म्हणजे मेंदूला रंग नकोसा नव्हता. मध्ये कुंपण होते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातून मेंदूत जायचे तर रेणू एक तर लहान आणि मेदात विरघळणारा हवा, नाहीतर त्याची खास नेआण करणारी यंत्रणा तरी हवी. कर्करोगाची बरीच औषधे या कुंपणाशीच अडतात. (प्रयोग कसा फिरवून पाहावा याचे हे इतके चांगले उदाहरण आपल्या पुस्तकांत का नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.)

हे कुंपण ओलांडणारे आणि आज ग्लायोब्लास्टोमाच्या उपचारात जगभर वापरले जाणारे औषध मेंदूच्या कुठल्या संस्थेत जन्मले नाही. ते जन्मले इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात. प्रा. माल्कम स्टीव्हन्स हे औषधशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे माणूस. एकाला एक लागून अनेक नायट्रोजन अणू असलेल्या संयुगांचे त्यांना आकर्षण होते. अशी संयुगे सहसा अस्थिर असतात, संधी मिळताच नायट्रोजन वायू सोडून मोकळी होतात. काही तर स्फोटकही असतात. औषध म्हणून असला रेणू कोण पुढे आणील? पण स्टीव्हन्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1980च्या सुमारास नायट्रोजनने भरलेल्या जोडवलयांची एक मालिका तयार केली.

पहिला नाव घेण्याजोगा रेणू होता मिटोझोलोमाइड. उंदरांमधल्या गाठी त्याने अशा पळवल्या, की सगळ्यांच्या आशा उंचावल्या. मग तो माणसांत तपासला. रुग्णांच्या रक्तातल्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, धोकादायक रीतीने घटू लागल्या, आणि कोणाच्या किती घटतील याचा अंदाजही बांधता येईना. औषध सोडून द्यावे लागले. अनेक संशोधनांची गोष्ट इथेच संपते. या गटाने मात्र रेणूचा सांगाडा तसाच ठेवला आणि त्याला लटकणारे शेपूट बदलले. क्लोरोएथिल गटाच्या जागी साधा मिथिल गट आला. हाच टेमोझोलोमाइड.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा मिथिल गट वलयात आणण्यासाठी मूळ कृतीत जे रसायन वापरले होते, त्याचे नाव मिथिल आयसोसायनेट. होय, 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये कीटकनाशकाच्या कारखान्यातून सुटून हजारोंचे बळी घेणारे तेच. त्याच्या रेणूतला नायट्रोजन-कार्बन-ऑक्सिजन हा गट समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करायला टपलेला असतो. फुप्फुसात हा गुण जीव घेतो. रसायनशाळेत त्याच गुणामुळे वलय पुरे होते. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये अर्थात मिथिल आयसोसायनेट नसते, जसा मिठात क्लोरीन वायू नसतो. पुढे हे घातक रसायन टाळणाऱ्या कृतीही शोधल्या गेल्या.

आता रेणूकडे जरा सावकाश पाहू. त्याचे सूत्र C₆H₆N₆O₂. रेणुवस्तुमान विद्यार्थ्यांना काढायला सांगा, 194 येईल. ग्लुकोजचे 180 असते, म्हणजे रेणू तसा चिमुकलाच. त्यामुळे तो कुंपणातून जातो. त्याहून मोठी गंमत त्याच्या स्वभावात आहे. आम्लात तो टिकून राहतो, उदासीन किंवा किंचित आम्लारीधर्मी पाण्यात आपोआप मोडतो. जठरातला रस तीव्र आम्लधर्मी असतो, म्हणून कॅप्सूल तोंडाने घेता येते. रक्ताचा सामू असतो 7.4. तिथे पोहोचताच घड्याळ सुरू होते आणि साधारण दोन तासांत निम्मे औषध मोडलेले असते. तेवढ्या अवधीत त्यातले काही मेंदूत शिरते. हा रेणू मोडायला ना यकृत लागते, ना एखादे विकर. नुसते पाणी पुरते. डकार्बाझीन हे त्याच घराण्यातले जुने औषध. त्यालाही शेवटी हेच काम करायचे असते, पण त्याला आधी यकृतातून बदलून यावे लागते.

मोडताना टेमोझोलोमाइडमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पाठोपाठ नायट्रोजन. म्हणजे आपल्या उच्छ्वासात असणारेच दोन वायू. उरतो एक निरुपद्रवी तुकडा आणि क्षणभर मोकळा झालेला, अतिशय चपळ मिथिल गट. तो डी.एन.ए.ला चिकटतो. बहुतेक वेळा अशा जागी चिकटतो, की पेशी त्याची सहज दुरुस्ती करते. शंभरातल्या पाच-सात वेळाच तो ग्वानिनच्या ऑक्सिजनवर बसतो, आणि खरे काम तिथे होते.

ग्वानिनची जोडी सायटोसिनशी, हे आपण शिकवतो. मिथिल चिकटलेला ग्वानिन मात्र नक्कल होताना थायमिनशी जोडी जमवतो. पेशीतली चुका तपासणारी यंत्रणा ही विजोड जोडी पकडते आणि नवा आलेला थायमिन कापून टाकते. पण चूक समोरच्या धाग्यात आहे! रिकाम्या जागी पुन्हा थायमिनच येतो, पुन्हा कापला जातो. ज्या मुलाच्या वहीत प्रश्नच चुकीचा उतरवलेला आहे, त्याने उत्तर कितीही वेळा खोडून लिहिले तरी काय उपयोग? खोडता खोडता कागद फाटतो. इथे डी.एन.ए.चा धागा तुटतो आणि पेशी मरते. शांत बसलेल्या चेतापेशी डी.एन.ए.ची नक्कल करत नसल्याने या फेऱ्यात सापडत नाहीत.

माणसांवरची पहिली चाचणी 1987 मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात एडवर्ड न्यूलँड्स यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. खर्चाचा भार कॅन्सर रिसर्च कँपेन या धर्मादाय संस्थेने उचलला. एकाच मोठ्या मात्रेचा फारसा उपयोग झाला नाही. तेच औषध पाच दिवसांत विभागून दिले, तेव्हा काही रुग्णांच्या गाठी आकसल्या. असे का व्हावे? पेशीत एम.जी.एम.टी. नावाचे प्रथिन असते. ते ग्वानिनवरचा मिथिल गट उपटून स्वतःवर घेते आणि कायमचे निकामी होते. एका दुरुस्तीला एक रेणू खर्ची. रोज थोडा मारा केला, की पेशीजवळचा हा साठा रोज घटत जातो.

पुढे एका अमेरिकी कंपनीने औषध बाजारात आणले. 1999 मध्ये युरोप आणि अमेरिकेत उलटलेल्या गाठींसाठी त्याला परवानगी मिळाली. पण खरी कसोटी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडचे रॉजर स्टुप आणि त्यांचे सहकारी यांनी 85 केंद्रांतल्या 573 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नुसते किरणोपचार, दुसऱ्याला किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड. आयुर्मानाचा मध्यक पहिल्या गटात 12.1 महिने, दुसऱ्यात 14.6 महिने.

अडीच महिने! एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? हा प्रश्न वर्गात येऊ द्यावा, आणि तिथेच गणिताच्या शिक्षकांना बोलवावे. अकरा मुले उंचीप्रमाणे उभी करा. मध्यक म्हणजे सहाव्या मुलाची उंची. आता सर्वांत उंच तिघांना बाकावर चढवा. मध्यक तसूभरही हलला नाही. पण रांगेच्या टोकाला काहीतरी घडले आहे, हे तर सगळ्यांना दिसते. चाचणीतही तेच झाले. दोन वर्षांनी जिवंत असणारे पहिल्या गटात 10.4 टक्के, दुसऱ्यात 26.5 टक्के. पाच वर्षांनी 1.9 आणि 9.8 टक्के. रांगेच्या टोकाला उभी राहिलेली ही माणसे मध्यकात दिसत नाहीत. पण उलट बाजूही झाकू नये. औषध घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जण पाच वर्षांत गेले.

टोकाला कोण पोहोचते, याचे काहीसे उत्तर मोनिका हेगी यांनी त्याच वर्षी दिले. काही गाठींमध्ये एम.जी.एम.टी.चे जनुक बंद असते. अशा रुग्णांना औषध मिळाले, तर मध्यक 21.7 महिने; नुसत्या किरणोपचारांनी 15.3. ज्यांचे जनुक चालू होते त्यांच्यात 12.7 आणि 11.8, म्हणजे फरक अगदी थोडा. इथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो, तो आधीच सोडवावा. हे जनुक बंद होते तेही मिथिल गटांमुळेच! पण ते गट पेशीनेच, जनुकाच्या सुरुवातीच्या भागातल्या सायटोसिनवर बसवलेले असतात. औषधाचा मिथिल वेगळा, त्याची जागा वेगळी.

मग ज्याचे जनुक चालू आहे त्याला हे औषध द्यावे का? देण्यासारखे दुसरे फारसे काही हाताशी नसल्याने पुष्कळ ठिकाणी देतात. आज भारतातल्या कंपन्याही ते बनवतात. मात्र त्यातून टिकून राहिलेल्या काही गाठी पुन्हा वाढतात तेव्हा चुका तपासणारी ती यंत्रणाच त्यांनी गमावलेली असते. तपासणारा नाही, म्हणून खोडाखोड नाही, म्हणून मरणही नाही. उलट उत्परिवर्तने मात्र भराभर साचत जातात.

स्टीव्हन्स पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठात गेले. 2009 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. नॉटिंगहॅमच्या गटाने तोच सांगाडा पुन्हा हाती घेतला आणि मिथिलच्या जागी दुसरी शेपटे जोडून पाहिली. एम.जी.एम.टी.ला जे उपटता येणार नाही असे काही ग्वानिनवर बसवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रोपार्जिल गट लावलेल्या रेणूने काचपात्रातल्या पेशींवर चांगला परिणाम दाखवला. उंदरांमध्ये मिटोझोलोमाइडनेही दाखवला होता.