डालड्याचा डबा गेला, डालडा गेला का?

पिवळा पत्र्याचा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही. आपल्या वस्त्यांत डालडा संपला की डब्याचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. कुणाकडे त्यात तांदूळ, कुणाच्या दारात मोगरा, आणि सकाळी तोच डबा नळावर भरून संडासच्या रांगेत. हसू येतं, पण आठवण आपलीच आहे.

लोणीही ऐकून माहीत होतं. आणंदला डेअरी असलेल्या पॉल्सनचं लोणी त्या काळी एवढं नावाजलेलं, की साहेबाची खुशामत करण्याला मराठीत ‘पॉल्सन लावणं’ म्हणू लागले. पुढे अमूल आलं. पण महिन्याच्या वाणसामानात लोणी बसत नव्हतं, तूप तर नाहीच. म्हणून सणाच्या पुरीला, लग्नाच्या बुंदीला डालडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डालडा बाजारात आला १९३७ साली. कारखाना मुंबईत, शिवडीला. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन वायू मिसळला की ते थिजतं आणि तुपासारखं रवाळ दिसतं. गरिबासाठी स्वस्त पर्याय ही कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्समध्ये १८६९ साली मेज-मूरिए या रसायनतज्ज्ञाने सैनिकांना आणि गरिबांना परवडावं म्हणून गुरांच्या चरबीपासून मार्गारीन तयार केलं होतं.

आपल्याकडे वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं झालं. का? तर कुणी ते साजूक तुपात मिसळलं, तर प्रयोगशाळेत लाल रंग उमटून चोरी पकडली जावी. म्हणजे तूप खाणाऱ्याची फसवणूक होऊ नये, ही काळजी आधी घेतली गेली. डालडा खाणाऱ्याच्या काळजाचं काय होतं, हा प्रश्न फार उशिरा आला.

तेल अर्धवट थिजवताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल वाढवतं, चांगलं कमी करतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद व्हायला हातभार लावतं. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के अशी मर्यादा आली. नियम पाळून केलेला माल पूर्वीपेक्षा बरा, हे खरं. पण त्यात पामतेल बरंच असतं, आणि त्यातली घट्ट चरबीही रोज खाण्याजोगी नाही.

डबा घरातून गेला, तरी आतला माल खारीत, नानकटाईत, केकच्या क्रीममध्ये येतोच. पावभाजीच्या तव्यावर सुटणारा पिवळा गोळा बऱ्याचदा लोणी नसतोच. पाकिटावर ‘मार्गारीन’, ‘फॅट स्प्रेड’, ‘शॉर्टनिंग’, ‘हायड्रोजनेटेड’ यांतला एखादा शब्द असेल तर ते लोणी नव्हे. घरातल्या शाळकरी पोराला वाचायला लावा. बारीक अक्षरं त्यालाच दिसतात.

टेबल बटर म्हणून विकायचं तर त्यात किमान ८० टक्के दुधाची चरबी हवी. तेही औषध नव्हे. खारट लोण्यात तीन टक्क्यांपर्यंत मीठ चालतं, तेव्हा ब्लडप्रेशर असलेल्यांनी जपूनच. लेकराच्या पावाला कधीतरी पातळसं लावलं तर बिघडत नाही. रोजच्यासाठी आजीची जवसाची, तिळाची चटणी बरी; त्यांतली चरबी लोण्या-डालड्यापेक्षा हृदयाला मानवते.

परवा आम्ही एका बेकरीत विचारलं, खारी कशात करता? “बटरमध्येच,” मालक म्हणाला. जरा डबा दाखवा म्हटलं. त्याने दाखवलाही, बिचाऱ्याने. त्यावर गाईचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘मार्गारीन’. त्यालाही ते लोणीच वाटत होतं.