दोन मिनिटांचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं हवाई अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर. 1967 पासून इथे नियमित विमान आहे. जगातला सर्वांत छोटा नियमित हवाई प्रवास. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम 53 सेकंदांचा!

एवढा फरक का? छोटं विमान वाऱ्याला सामोरं उडतं आणि तसंच उतरतं. वारा जायच्या दिशेकडूनच येत असेल, तर वळायला नको, सरळ उतरता येतं. उलट असेल तर वळसा. म्हणजे अंतराला वेगाने भागून इथे वेळ काढता येत नाही. पर्यटकांना याचं अप्रूप. पापा वेस्ट्रेवरच्या मोजक्या माणसांसाठी मात्र शिक्षक, डॉक्टर याच विमानाने येतात, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.