चिपची चावी कोणाकडे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लॅपटॉप येतो तो बहुतेक वेळा सेकंडहँड. टॉवेल-चादरीच्या युनिटचा पैसा मागात, सुतात आणि रंगाईत अडकलेला असतो, ऑफिसच्या टेबलासाठी उरतं ते थोडंच. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेली मशिन्स इथे पुढे कित्येक वर्षं बिलं छापतात. अशा लॅपटॉपवर लिनक्स चढवायचं काम मी गेली बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: लॅपटॉप नीट चालला की अडला, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या दर्जावर फारसं ठरलं नाही. आतल्या चिपची माहिती तिच्या कंपनीने दिली की दाबून ठेवली, यावर ते ठरत आलं.

उबुंटू या लिनक्सची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2004 मध्ये आली. मागणी नोंदवली की सीडी पोस्टाने फुकट घरी यायची. ही सोय 2011 मध्ये बंद झाली. ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबतही सीडी मिळे. सीडी घालून लॅपटॉप चालू केला की स्क्रीन, कीबोर्ड, हार्ड डिस्क बहुधा लगेच चालायचं. अडायचं ते बाहेरच्या जगाशी जोडताना. डायल-अप मॉडेम तर अर्धाच असायचा. पैसे वाचवायला त्यातली निम्मी कामं कंपनीने विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेली, म्हणून लिनक्सवर तो मुकाच राहायचा.

वायफायची गोष्ट त्याहून मोठी आहे. इंटेलने 2003 मध्ये सेंट्रिनो लॅपटॉप आणले आणि पुढे त्यांच्या वायफायसाठी लिनक्सचे ड्रायव्हर स्वतःच दिले. ब्रॉडकॉमने मात्र काहीच दिलं नव्हतं, आणि ब्रॉडकॉमची चिप तर कितीतरी लॅपटॉपमध्ये होती. तेव्हा दोन वाटा निघाल्या. एक एनडिसरॅपरची, पोंटस फुक्स आणि गिरिधर पेम्मासानी यांनी बांधलेली: विंडोजचाच ड्रायव्हर उचलायचा आणि लिनक्सच्या आत त्याला विंडोज असल्याचा भास करून द्यायचा. चालायचं, पण आत काय चाललंय ते कोणालाच दिसायचं नाही. दुसरी वाट लांबची. एका गटाने ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरला हात न लावता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. 2006 मध्ये तो लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, 2.6.17 आवृत्तीत दाखल झाला. तरीही चिपच्या आत भरायचं फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हती. ज्याचं त्याने विंडोजच्या फाइलमधून ते कापून घ्यायचं, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम होता. ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये.

आमच्या वसाहतीत हे कोणालाही पटकन पटतं. माग बिघडला की जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारा कारागीर, तो उघडतो, झिजलेला भाग काढतो आणि जवळच्या वर्कशॉपमधून तसाच घडवून आणतो. माग बनवणाऱ्याची परवानगी त्याला लागत नाही. लॅपटॉपही विकतच घेतलेला असतो, पण त्यातल्या चिपला ही मुभा नव्हती. ज्यांनी ती मिळवून दिली त्यातले बरेच जण ड्रायव्हर लिहायचा पगार घेत नव्हते. आपल्या हातातलं मशिन चालावं, एवढ्याचसाठी ते रात्री जागले. त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्याच वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं. वीज गेली की डेस्कटॉप बंद, म्हणून छोट्या युनिटांनाही लॅपटॉपची गरज भासू लागली. आणि तिथेच लिनक्सचा सर्वात दुखरा भाग होता: झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं. मिटताना सगळं ठीक, उघडल्यावर पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि स्क्रीन काळी. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये वीज-व्यवस्थापनाच्या ज्या सूचना असतात, त्या बहुतेक कंपन्यांनी फक्त विंडोजवर तपासलेल्या असत. फर्मवेअर विचारतं, ‘तू कोणती सिस्टिम?’ खरं उत्तर दिलं तर कधीच न तपासलेला मार्ग चालू होतो. म्हणून कर्नलने विंडोज असल्याचंच उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्या मार्गावरची मशिन्स एकामागून एक नीट जागी होऊ लागली.

मग आले इंटरनेटचे डोंगल. यूएसबीत लावला की लिनक्सला मॉडेमऐवजी सीडी ड्राइव्ह दिसायचा, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला. ‘आता मॉडेम हो’ असा संदेश त्याला पाठवावा लागे. योसुआ डीत्झे यांच्या यूएसबी-मोडस्विचने ते काम आपोआप केलं, आणि वाडी-वस्तीवरच्या लोकांनाही त्याचा फायदा झाला.

कारखान्याशी थेट जोडलेली एक घटना 2014 ची. सुताचा वजनकाटा, रंगाईचे कंट्रोलर अशा जुन्या यंत्रांना सिरियल पोर्ट असतो, लॅपटॉपला नसतो. मध्ये यूएसबीची छोटी केबल लागते. तिच्यात बहुधा एफटीडीआय या कंपनीची चिप असते, किंवा त्या चिपची नक्कल, आणि बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये कोणती आहे हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोजच्या अपडेटमधून एफटीडीआयचा असा ड्रायव्हर आला, जो नक्कल ओळखून तिचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकायचा. केबल जागीच निकामी. नक्कल करणं चूक आहेच, पण शिक्षा झाली ती काटा जोडून बसलेल्या माणसाला. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये लगोलग एक छोटी दुरुस्ती दाखल झाली: ओळख-क्रमांक शून्य असलेली केबलही स्वीकारायची. मेलेल्या केबली लिनक्सवर पुन्हा चालू लागल्या. दुरुस्ती म्हणावी तर काही ओळींची, पण यंत्र कोणाचं या प्रश्नाला त्या काळात मी पाहिलेलं ते सर्वात स्पष्ट उत्तर होतं.

सही नसलेली सिस्टिम सुरूच होऊ न देणारं सिक्युअर बूट आणि दोन ग्राफिक्स चिपांचे लॅपटॉप यांनीही त्याच सुमारास बराच त्रास दिला. दोन्हींवर पुढे तोडगे निघाले. सोलापुरात त्याहून मोठा प्रश्न होता तो रुईचा. मागाजवळच्या ऑफिसात कापसाचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लॅपटॉप आपोआप बंद पडतो. लोक दोष सिस्टिमला देतात. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरचं तापमान समोर येतं. तळ उघडायचा, पंख्याआडच्या जाळीवर बसलेला तंतूंचा थर ब्रशने काढायचा, परत आकडा पाहायचा.

सगळंच जमलं असं नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि हिशेबाचा लॅपटॉप बहुतेक युनिटांत विंडोजवरच राहिला, कारण हिशेबाचं टॅली हे सॉफ्टवेअर विंडोजचं. तिथे लिनक्सचा हट्ट धरणं मला योग्य वाटलं नाही. डिझाइन पाहणं, पत्रव्यवहार, वजनकाटा, स्टॉकची नोंद यासाठी मात्र ते टिकलं.

गेल्या काही वर्षांत चित्र खूप बदललं. एनव्हिडियाने मे 2022 मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. लिनक्सच्या डेबियन या प्रकल्पाने मतदान घेऊन, जून 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. फक्त खुलं तेवढंच द्यायच्या तत्त्वाला थोडी मुरड घालावी लागली, पण ज्याच्याकडे दुसरं इंटरनेटच नाही त्याचं वायफाय पहिल्याच दिवशी चालू झालं. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीतले जवळपास सगळे लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, आणि वसाहतीत सेकंडहँड येतात त्यात हेच खूप. लिनक्सवर यांचं वायफाय, आवाज, झोप-जाग सहसा काही न करता चालतं, कारण ते ड्रायव्हर आता वर्षानुवर्षं वापरून पक्के झाले आहेत. फिंगरप्रिंटचा सेन्सर बऱ्याच मशिनांत अजून अडतो. त्याहून नव्या काही लॅपटॉपचा कॅमेराही अडतो, कारण इंटेलच्या नव्या कॅमेरा-व्यवस्थेचं काम कर्नलमध्ये उशिरा सुरू झालं. म्हणून घेण्याआधी दुकानातच पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून पाहावं: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा लागतो का, आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का. दुकानदार नको म्हणाला तर पुढचं दुकान गाठावं.