हद्दीबाहेरचा दिवस

पहाटे 5:30. धारा काढून दूध संस्थेत घातलं. फॅट लागेपर्यंत रांगेत एकच विषय, हद्दवाढ. करवीर तालुक्यातलं आमचं गाव कोल्हापूर शहराला खेटून आहे. 1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटरच. दर काही वर्षांनी प्रस्ताव निघतो, गावं बंद पुकारतात, विषय मागं पडतो. आता तो परत निघालाय.

सकाळी 8. ग्रामपंचायत सदस्य म्हणून वॉर्डात फेरी. वरच्या आळीत पाणी बारीक येत होतं. एका आजींनी दारातच गाठलं. "वैनी, मत मागायला आलतीस न्हवं? मग पाणी कुठाय?" पाणी सोडणाऱ्या पोराला बोलावलं, व्हॉल्व्ह उघडून बघितला, कचरा काढला. मला राखायचंय ते हेच. आजींना माझं दार माहीत आहे.

9:30. थांब्यावर केएमटीच्या शहर बसला कॉलेजच्या पोरांची गर्दी. शहरातली मंडळी विचारतात, बस, दवाखाना, बाजार सगळं आमचं वापरता, मग हद्दीत का येत नाही? प्रश्न रास्त आहे. शहराची वाढ कोंडली आहे, हेही खरं. पण दूध, भाजी आणि कामाला माणसं आम्हीही शहराला देतो, आणि बसचं तिकीट काढूनच बसतो.

11. ग्रामपंचायत कार्यालयात ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांबरोबर हद्दवाढविरोधी ठरावाचा मसुदा. घरफाळा वाढेल, रोजगार हमीची कामं जातील, विकास आराखड्यात जमिनीवर आरक्षण पडेल, हे मुद्दे सगळ्यांच्या तोंडी आहेतच. मी एक वेगळा मुद्दा घालायला सांगितला. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली पाच वर्षं प्रशासकाची. एवढ्या मोठ्या शहरात तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. आमच्याकडं वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. सरपंचाला उभं करून हिशेब विचारता येतो. हद्दवाढीत गावाचं नाव कुठं जाणार नाही, पण ही सभा जाईल. घरफाळ्यापेक्षा मला त्याची धास्ती जास्त आहे.

मसुद्यात विकास प्राधिकरणाचाही उल्लेख आला. हद्दवाढीऐवजी मधला मार्ग म्हणून 2017 मध्ये 42 गावांसाठी ते स्थापन झालं. त्यातून गावांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, असं गावोगाव ऐकू येतं. म्हणून नव्या आश्वासनावर लोक लगेच मान डोलावत नाहीत.

दुपारी 2. उसाला पाणी. बांधावर शेजारच्या तात्यांची गाठ. त्यांची जमीन पंधरा गुंठे. "बागेचं आरक्षण पडलं तर मी काय झोपाळ्यावर बसू?" म्हणाले. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मोठ्या जमीनवाल्याला आरक्षण सोसतं, पंधरा गुंठेवाला त्यात संपतो. गावाच्या विरोधात काही पुढाऱ्यांची खुर्चीही असेल, नाही म्हणत नाही. पण तात्यांना कुठली खुर्ची?

4 ते 6. हरकतींच्या अर्जांवर सह्या. प्रारूप अधिसूचना निघाली तर शासनाला हरकती मागवाव्याच लागतात. त्या दिवशी धावाधाव नको. बायकांनी आधी वाचून घेतलं, मग सह्या केल्या.

रात्री 8. देवळात ग्रामसभा. एक तरुण उठला. म्हणाला, "गावात सांडपाण्याची योजना नाही, गटारं ओढ्यात आणि ओढा पंचगंगेत. आपल्याला झेपत नसंल तर शहरात गेलेलं काय वाईट?" आरडाओरडा झाला. मी त्याला बोलू द्यायला लावलं, कारण ओढ्याचं त्यानं सांगितलं ते खरं आहे. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, "शहराचं तरी सगळं सांडपाणी शुद्ध हुतंय का?" तेही खरंच.

विरोधाचा ठराव बहुमतानं झाला. त्याच सभेत सांडपाणी प्रकल्पासाठी जागा सुचवायला समिती नेमली, आणि त्या तरुणाला तीत घेतलं. त्याचं विरोधी मत इतिवृत्तात शब्दशः लिहा, असं मी भाऊसाहेबांना सांगितलं. उद्या 11 वाजता ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची आहे.