पेरेनियल (विशेषण)

पेरेनियल हे दीर्घकाळ किंवा वर्षभर टिकण्याचा गुण दर्शविणारे इंग्रजी विशेषण आहे. मराठीत त्यासाठी संदर्भानुसार बारमाही, बहुवर्षायू व चिरंतन हे शब्द वापरले जातात.

व्युत्पत्ती

हा शब्द लॅटिन 'पेरेनिस'वरून आला. त्यात 'पेर' म्हणजे 'मधून, आरपार' आणि 'आन्नुस' म्हणजे 'वर्ष'. मराठी 'बारमाही'तील 'माह' हा महिना या अर्थाचा फारसी शब्द असून तो तिमाही, सहामाही या शब्दांतही आढळतो.

अर्थभेद

वनस्पतिशास्त्रात दोन वर्षांहून अधिक जगणारी वनस्पती बहुवर्षायू होय. भात वर्षायू, तर आंबा व चिकू बहुवर्षायू आहेत. मात्र बहुवर्षायू झाडाचे फळ बारमाही असेलच असे नाही. आंब्याला ठरावीक हंगामातच फळ येते. चिकूला बहुतेक वर्षभर बहर व फळे असतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जलविज्ञानात बारमाही प्रवाह म्हणजे सामान्यतः वर्षभर वाहणारा प्रवाह. पाऊस थांबल्यावर त्याला भूजलाचा, हिमालयीन नद्यांत बर्फाच्या पाण्याचाही, आधार असतो.

डहाणू-तलासरीतील संदर्भ

पालघर जिल्ह्याच्या या तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो. पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेकडील डोंगराळ भागात उतार तीव्र व बेसाल्ट खडकाची साठवणक्षमता कमी असल्याने पाणी लवकर वाहून जाते आणि अनेक ओढे व विहिरी उन्हाळ्यात आटतात. सूर्या नदीवरील धामणी धरणाच्या कालव्यांमुळे काही गावांत उन्हाळी पीक घेता येते. जिथे सिंचन नाही तिथे भात, नाचणी, वरई ही पावसाळी पिके निघाल्यावर शेतीचे काम संपते आणि अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. त्यामुळे गावात 'विहीर आहे' एवढे सांगणे पुरेसे नसते. ती बारमाही आहे की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

भाषांतरातील दक्षता

इंग्रजीत वारंवार उद्भवणाऱ्या समस्येलाही हे विशेषण लावतात. तेथे 'बारमाही टंचाई' असे भाषांतर केल्यास टंचाई वर्षभर असते असा चुकीचा अर्थ निघतो. दर उन्हाळ्यात येणाऱ्या टंचाईस 'दरवर्षीची' किंवा बोलीच्या वळणाने 'पाचवीला पुजलेली' म्हणणे योग्य ठरते. 'कायमचा' हा शब्दही समानार्थी नाही. त्यात न बदलण्याचा भाव आहे, तर दरवर्षीची टंचाई साठवणुकीने दूर होऊ शकते.